मांडीएवढा

मी बोलतोय. इकडे खाली बघा, अजून खाली. हं, खुर्चीच्या पायाशी. मला भेटायचं तर आधी वाकावं लागतं, आणि माझी सगळी कहाणी त्या वाकण्याचीच आहे.

मी लहान जातीचा कुत्रा. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं म्हणतात. माझी कीर्ती एवढीच, की मी कमी खातो, कमी जागा घेतो आणि उचलून कुठेही नेता येतो. एका मुलाने मला टोपलीत घालून आपल्या आईकडे आणलं ते याच गुणांवर.

"एवढासा तर आहे, आई. तुला सोबत होईल."

"सोबतीला तूच येत जा की अधूनमधून," आई म्हणाली. मुलगा हसला आणि मला ठेवून गेला.

आई घरी शिवणकाम करायची. पहिले काही दिवस तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एकदा मशीनवर बसल्या बसल्या तिने मला उचललं आणि मांडीवर ठेवून पाहिलं. मी तिथे बरोब्बर बसलो, ना सैल, ना घट्ट. "मांडीएवढाच आहेस की रे मेल्या!" ती म्हणाली. तेव्हापासून ती जागा माझी झाली. मशीनची घरघर मला पोटात जाणवायची. ती माझ्याशी बोलत राहायची, बहुतेक मुलाबद्दलच, पण ऐकायला कान माझे असायचे.

मोठ्या कुत्र्यांना माणसं घाबरतात. मला पाहून हात पसरतात. रस्त्यावरची अनोळखी बाईसुद्धा "अगं बाई, किती गोड!" म्हणत उचलते आणि पुढच्या क्षणी खाली ठेवून चालू लागते. ज्याला उचलणं सोपं, त्याला ठेवून देणंही सोपं असतं.

एका सकाळी ती पाणी प्यायला उठली आणि मी तिच्या पायात आलो. मला फक्त तिच्याबरोबर जायचं होतं. ती पडली, कंबरेला जबर मार बसला. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, काही उचलायचं नाही. मांडी होती तिथेच होती, पण मला न्यायला येणारे हात खाली येईनासे झाले. उडी मारणं मला जमत नाही. दिवसभर मी तिच्या चपलेवर हनुवटी टेकून वर बघत बसायचो. इतकं एकटं मला त्या टोपलीतही वाटलं नव्हतं.

मी कुठे आहे ते कळावं म्हणून तिने मशीनच्या खणातलं एक जुनं घुंगरू शेजारणीकडून माझ्या गळ्यात बांधून घेतलं.

मग मुलगा आला, तीच टोपली घेऊन. "हा पायात येतो, आई. परत पडलीस तर? आमच्या ऑफिसातले एकजण असाच छोटासा शोधतायत."

मशीनला धरून, कण्हत कण्हत, आई जमिनीवर बसली.

"अगं, काय करतेस!"

"ये रे," ती मला म्हणाली. मी घुंगरू वाजवत धावलो आणि मांडीत शिरलो. मग ती मुलाकडे वळली. "आता मला एकटीला उठता येणार नाही. याला न्यायचं तर आधी मला उठव. आणि मी काही इतक्यात उठत नाही."

मुलाने घड्याळ पाहिलं. मग माझ्या गळ्याकडे त्याचं लक्ष गेलं. "हे घुंगरू माझं ना?"

"तुझंच. रांगायला लागलास तेव्हा तूही सारखा पायात यायचास, म्हणून बांधलं होतं. तुला दिलं का मी कुणाला?"

मुलगा तिच्या शेजारी खाली बसला. बराच वेळ बसला. संध्याकाळी त्याने तिला उठवून खुर्चीत बसवलं आणि मला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने त्याचा हात लवकर सोडला नाही. पण त्याला जायचं होतं, तो गेला.

टोपली अजून दाराजवळच आहे. तो विसरला की मुद्दाम ठेवून गेला, मला ठाऊक नाही. शेजारीण येते तेव्हा मला वर ठेवते. एरवी मी इथे खाली. मध्येच आई विचारते, "आहेस ना रे?" मी मान हलवतो, घुंगरू वाजतं.

तुमच्याही मनात असेल एखादा छोटासा आणायचं. जरूर आणा, आम्ही गोड असतोच. पण तो आणून कुणाच्या तरी घरी ठेवून जाणार असाल, तर क्षणभर माझ्या शेजारी जमिनीवर बसा, आणि इथून मांडी किती उंच असते, ते एकदा बघून घ्या.