नाही म्हटलं तरी चालेल

पडदा हलला, म्हणजे टिपणीस घरात होते.

मुरलीधर कारखानिसांनी बेलवर तिसऱ्यांदा बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. सव्वीस वर्षांच्या अनुभवातून आलेलं तंत्र होतं ते. पहिली बेल कळवते, दुसरी विनवते आणि तिसरी सांगते की बाहेर उभा असलेला माणूस पोस्टमन नाही, तो जाणार नाही.

"आजोबा, स्टॉप! ते आंघोळ करत असतील," मागून सान्वी म्हणाली.

"टिपणीस? सकाळी अकराला? पडद्यामागे?"

दार चार बोटं उघडलं. साखळी लावलेलीच होती. फटीतून शशी टिपणिसांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली.

"अहो कारखानीस, जून चाललाय! गणपतीला अजून तीन महिने आहेत!"

"गणपतीसाठी नाही आलो."

"मग?" टिपणिसांच्या आवाजात आता खरी भीती होती.

कारखानीस हे विलायतेतल्या पिनर या उपनगराच्या गणेशोत्सवाचे वर्गणीप्रमुख. या पदावर त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं आणि काढायची कुणाची छाती नव्हती. नोकरी कौन्सिलच्या पार्किंग विभागात झाली. "माझी आई आजारी होती, दंड माफ करा" अशी पत्रं यायची. त्या पत्रांना "आपल्या आईंना आराम पडो. दंड कायम आहे" अशा अर्थाची उत्तरं लिहिण्यात तीस वर्षं गेली. उरलेला स्वभाव त्यांनी वर्गणीला दिला. त्यांची पद्धत साधी होती. पावती आधी फाडायची, तिच्यावर नाव घालायचं, रकमेची जागा कोरी ठेवायची आणि ती यजमानाच्या चहाच्या बशीखाली सरकवायची. मग सोफ्यावर बसून मुलांच्या शाळांविषयी बोलत राहायचं.

"मी कुणावर जबरदस्ती करत नाही," ते अभिमानाने सांगत. "मी फक्त उठत नाही."

या वेळचं प्रकरण वेगळं होतं. सान्वी ही त्यांची नात, सध्या त्यांच्याकडेच राहणारी. वय बावीस, कायद्याची पदवी नुकतीच हातात आलेली. युनिव्हर्सिटीत असताना ती क्वेकर लोकांच्या सभांना जायला लागली होती. ख्रिस्तीच, पण पाद्री नसलेले लोक. त्यांच्या एक वर्षाच्या सेवा-उपक्रमासाठी तिची निवड झाली होती. ब्रॅडफर्डला जायचं, देश सोडून आश्रयाला आलेल्या लोकांचे फॉर्म भरायला मदत करायची, सहा जणांनी एका घरात राहायचं, पाळीपाळीने स्वयंपाक करायचा. खर्चाचा मोठा वाटा संस्था उचलणार होती. उरलेला भाग ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या माणसांकडून, थोडा थोडा, मागून आणायचा.

सान्वीचा बाप अनुप रेडिंगहून फोनवर म्हणाला होता, "बाबा, तिला समजवा. माणूस नोकरी करून पैसे मिळवतो. पैसे जमवून नोकरी मिळवत नाही."

कारखानिसांनी त्याच संध्याकाळी चेकबुक काढलं होतं. "किती? आकडा सांग. विषय संपला."

"नाही आजोबा. तुम्ही एकट्यांनी दिलं, तर मला फक्त तुम्ही पाठवलं. मला सगळ्यांनी पाठवायला पाहिजे. दॅट्स द पॉइंट."

"म्हणजे दारोदार फिरणार?"

"तुम्ही फिरता की!"

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी नीनाताई म्हणाल्या, "घ्या! सुनेला वाटत होतं, पोरगी तिच्यावर गेली."

कारखानिसांची अडचण कुणाला सांगण्यासारखी नव्हती. गणपतीसाठी मागताना मागणारे ते नसत, गजानन असे. ते फक्त बेल वाजवत. घरासाठी त्यांनी शेजाऱ्याकडे कधी शिडीसुद्धा मागितली नव्हती. शिवाय एक शंका गेली काही वर्षं त्यांना कुरतडत होती. देव काढून घेतला, पावतीपुस्तक काढून घेतलं, सोफा काढून घेतला, तर नुसतं या तोंडाकडे बघून पिनरमध्ये कुणी काही देईल का? याचं उत्तर न कळताच मरण यावं अशी त्यांची माफक इच्छा होती. आणि नातीने नेमकं याच परीक्षेला बसवलं होतं.

तयारी म्हणून ती त्यांना एका रविवारी क्वेकरांच्या सभेला घेऊन गेली. चाळीस माणसं गोल बसून तासभर गप्प होती. कारखानीस वाट बघत राहिले की आता सुरू होईल. झालं ते एकदम चहापानच. आरती नाही, प्रवचन नाही, तबकही फिरलं नाही.

"माणसं चांगली आहेत," बाहेर पडल्यावर ते म्हणाले. "पण यांचं वर्गणीचं कोण बघतं?"

टिपणिसांनी शेवटी साखळी काढली. हॅरोमध्ये त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आता ते एकटेच राहत, गुडघ्याच्या ऑपरेशनची वाट बघत. त्यांनी चहा केला. कारखानीस सवयीने सोफ्याच्या कोपऱ्यात, आपल्या जागेवर बसले. बशीखाली सरकवायला काही नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.

सान्वीने सगळं सांगितलं. ब्रॅडफर्ड, फॉर्म, सहा जणांचं घर. मराठी अडखळलं तिथे इंग्रजी घातलं. "म्हणून मी तुम्हाला विचारायला आले, टिपणीस आजोबा. पाच पाउंड पण चालतील. आणि नाही म्हटलं तरी चालेल. रियली. मी तरी पण चहा पिणार."

कारखानिसांचा कप बशीवर खणकन आदळला. उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं.

टिपणिसांनी तिच्याकडे पाहिलं, मग कारखानिसांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "चालेल?"

"हो."

"म्हणजे मी नाही म्हटलं, की तुम्ही जाणार?"

"चहा झाला की."

"हे पण?" टिपणिसांनी सोफ्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"हे पण."

टिपणिसांनी पाठ टेकली. "मग, नाही," ते म्हणाले. पथ्य सुटलेल्या माणसाने पहिलं श्रीखंड खावं तसा त्यांचा चेहरा झाला. "नाही," त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, चव नीट कळावी म्हणून.

"ओके, थँक यू," सान्वी म्हणाली, आणि तिने आणखी एक बिस्कीट घेतलं. मग तिने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. हॉस्पिटलची तारीख फोनवर कुठे दिसते ते त्यांना सापडत नव्हतं, ते दाखवलं. मोठ्या अक्षरात कागदावर लिहूनही दिलं. अर्ध्या तासाने दोघं बाहेर पडले.

रस्त्यावर येताच कारखानिसांचा बांध फुटला. "असं विचारतात? समोरच्याला पळायला दार उघडं ठेवून?"

"दार उघडं ठेवूनच विचारतात, आजोबा. नाहीतर ते विचारणं नसतं."

"मग काय असतं?"

"पार्किंगचा दंड."

कोपऱ्यापर्यंत कारखानीस तिच्या चार पावलं पुढे चालत राहिले. तिथे पोचल्यावर म्हणाले, "डावीकडे. वरदाचं घर."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून अकरा घरं झाली. चार जणांनी नाही म्हटलं. वरदाने दहाची नोट दिली आणि कमी दिल्याबद्दल दोनदा माफी मागितली. एका नागपूरच्या जोडप्याने पैसे दिले, वर तासभर बसवून घेतलं आणि क्वेकर म्हणजे नक्की काय ते विचारलं. कारखानिसांनी उत्तर दिलं, "गप्प बसतात." दारामागून पळाल्याचा आवाज एकाही घरातून आला नाही, हे त्यांनी मनात टिपून ठेवलं.

गुरुवारी दुपारी कारखानिसांच्या दारावर बेल वाजली. एकदाच. बाहेर काठी टेकून टिपणीस उभे होते. सव्वीस वर्षांत ते या दारात पहिल्यांदा आले होते.

"बसत नाही," म्हणत ते बसले. "मंगळवारी नाही म्हणालो मी."

"ऐकलं. दोनदा."

"ते तुमच्यासाठी साठवलेलं होतं हो. पोरीवर खर्च झालं. मंगळवार फार छान गेला. बुधवारही बरा गेला. आज सकाळपासून मजा येईना." त्यांनी खिशातून पैसे घातलेलं पाकीट काढून सान्वीला दिलं. "त्या लोकांचे फॉर्म पण असंच मोठ्या अक्षरात भर."

कारखानिसांचा हात सवयीने पावतीपुस्तकासाठी खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. त्यांनी घसा साफ केला.

"टिपणीस, एक विचारू? इतकी वर्षं मी हिच्यासारखं विचारलं असतं, तर दिली असतीत वर्गणी?"

टिपणिसांनी प्रामाणिकपणे विचार केला. बोटांवर वर्षं मोजून पाहिली.

"काही वर्षं दिली असती," ते म्हणाले.

"किती?"

"काही."

स्वयंपाकघरात नीनाताईंना जोराचा खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सान्वी गेली. तिचा वाटा जमला होता. त्यात कारखानिसांचे दहा पाउंड होते, वरदाइतकेच. त्याहून जास्त घ्यायला तिने नकार दिला होता. पिनर स्टेशनपर्यंत तिची बॅग त्यांनी ओढत नेली आणि चाकं असलेली बॅग इतकी जड का, याबद्दल तक्रार केली. गाडीचं दार बंद झालं, तेव्हा काचेतून ती काहीतरी म्हणत होती. ते कळलं नसतानाही त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी चहा केला. चुकून तीन कप झाला. नीनाताईंनी तिसरा दोघांत वाटून टाकला.

सोमवारी ते वर्गणीला निघाले. पावतीपुस्तक कोटाच्या आतल्या खिशात होतं. एकाही पावतीवर नाव घातलेलं नव्हतं. टिपणिसांच्या दारात त्यांनी बेल दाबली आणि बोट उचललं. आत कुठेतरी काठी वाजली. पडदा हलला.

दुसऱ्या बेलकडे निघालेला हात त्यांनी खिशात घातला. पायरी उतरून ते फाटकापर्यंत मागे गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. हे वर्ष त्या काही वर्षांपैकी आहे की नाही, हे टिपणिसांना ठरवायचं होतं. आणि तसं ठरवायला माणसाला थोडा वेळ लागतो.