रामसिंगच्या वाटचं तूप

शिला पोटात असताना मी ग्रहणात विळीवर कांदा चिरला, म्हणून पोरगी अशी झाली, हे माझ्या सासूचं, नानीबाईचं म्हणणं. मी चिरला होता की नाही, मला आठवतही नाही. पण सात वर्षं ऐकून ऐकून ती विळी माझ्या स्वप्नात यायला लागली होती.

शिला बोलत नाही, हाकेला वळत नाही. गोठ्याच्या भिंतीशी बसून हळकुंडांची रांग लावते, मोठ्यापासून लहानापर्यंत. ती रांग दिसली की नानीबाई पायानं उधळायची आणि तोंडाला पदर लावून बाहेर निघून जायची. म्हातारीला माझ्या लेकराचा राग येतो, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी डॉ. पल्लवी आमच्या तांड्यावर आल्या. स्वमग्न मुलं अशी का होतात, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. त्यांना आई, बाप आणि लेकराचं रक्त हवं होतं. घराण्यात पूर्वी असं कोणी होतं का, हेही त्या विचारत होत्या. माझ्या नवऱ्यानं, जगननं, आईकडे बोट दाखवलं. दिवाळीला आमच्यात धबुकार असतो. निखाऱ्यांवर तूप-गुळाचा घास टाकायचा आणि गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं. नानीबाईला ती नावं तोंडपाठ. त्याच चालीवर तिनं पिढ्यान् पिढ्या सांगून टाकल्या आणि शेवटी म्हणाली, असं आमच्यात कोणीच झालं नाही. मग माझ्याकडे पाहिलं. खोट सुनेकडची, हे तिला बोलून दाखवावं लागलं नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरबाई निकाल सांगायला आल्या. शिलाच्या जनुकांतला एक बारीक तुकडा गळालेला आहे, आणि तोच जगनच्या रक्तातही गळालेला आहे. एकाला त्यानं काही होत नाही, दुसऱ्याला होतं. असं का, ते अजून कळलेलं नाही. हे एक कारण, बाकीची आम्ही शोधतोय, दोष मात्र कुणाचाच नाही, असं त्या म्हणाल्या. मी ग्रहणाचं विचारलं. ग्रहणाचा काही संबंध नाही, म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला की बाईंची गाडी वळायचीही मी वाट पाहिली नाही. सरळ गोठ्यात सासूकडे गेले.

"याडी, हे तुमच्याच घरातून आलंय. माझ्याकडून न्हाई."

आता ती भांडेल म्हणून मी पदर खोचला होता. पण नानीबाई भिंतीतल्या लोखंडी कडीशी जाऊन उभी राहिली. त्या कडीला जनावर बांधलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शिलाची रांग रोज बरोबर तिच्याखाली असायची.

"इथंच बसायचा माझा रामसिंग," ती म्हणाली. "जगनच्या आधीचा. असाच हळकुंडं लावायचा. पान्याकडं पळायचा, म्हनून या कडीला बांधायचे त्याला. एक दिस माझ्याकडं बघून हसला. मला दया आली, सोडलं."

रामसिंग सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यात सापडला. सासऱ्यांनी घरात त्याचं नाव बंद केलं, धबुकारातही. जगन तेव्हा अंगावर पीत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं.

"शिला रांग लावती तवा वाटतं, त्योच येऊन राहिला. विचारायला, काहून सोडलं."

माझा आनंद कुठल्या कुठे गेला. सात वर्षं जपून ठेवलेलं भांडण माझ्या हातात तसंच राहिलं.

धबुकाराच्या दिवशी जगननं सगळी नावं घेतली आणि तो थांबला. नानीबाईनं तुपाची वाटी त्याच्या हातातून घेतली. घास निखाऱ्यांवर धरला. मग नाव आलं.

"रामसिंग."

निखारा भडकला. कधी स्वतःच्या नावाला न वळलेली शिला मान वळवून बघायला लागली. भडक्याकडे बघत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. नानीबाई उठून गोठ्यातल्या रांगेपाशी गेली. शिलाच्या शेजारी बसून तिनं उरलेलं लहान हळकुंड शेवटी नीट ठेवलं.

मी निखाऱ्याकडे बघत बसले. आम्ही गेल्यावर शिलाच्या नावाचं तूप इथं कोण टाकणार?