लाल शेपटीचं इमान

"डोंगा हलवू नका," पाण्यातून डोकं वर काढत उमाजी म्हणाला, "मले खालचं समजत नाई मंग." आणि छातीत श्वास भरून तो पुन्हा डोहात गेला.

डोंग्यातल्या दोघांनी वल्ही वर धरली. वैनगंगेच्या काठावर चामोर्शीहून आलेली माणसं उभी होती, पोलिसांची गाडी होती, आणि वाळूत एक बाई बसली होती. तिचा मुलगा सकाळी मित्रांबरोबर पोहायला उतरला आणि वर आलाच नाही. नातेवाईक तिला घरी चल म्हणत होते. ती ऐकत नव्हती.

उमाजी ढिवर. साठी ओलांडलेला, अंगाने सडपातळ. मासेमारी हा त्याचा धंदा; बुडालेलं माणूस काढणं हे धंद्यात न धरलेलं काम. आसपासच्या गावांत कोणी बुडालं की पोलीस त्याच्याच दारात येत.

या वेळी तो वर आला तेव्हा ओरडला नाही. नुसता हात वर केला. डोंगा जवळ आला. मुलाला वर घेतल्यावर उमाजीने आधी स्वतःचा दुपट्टा त्याच्या तोंडावर टाकला, मगच डोंगा काठाकडे वळवू दिला. काठावर उतरून तो थेट त्या बाईजवळ गेला, खाली वाकला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. इतका वेळ दगडासारखी बसलेली ती बाई तेव्हा कुठे रडली.

हे सगळं फरहत शेख पाहत होती. ती चामोर्शीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. मुलगा तिच्या वर्गातला होता. चार-सहा दिवसांनी ती पत्ता विचारत उमाजीच्या घरी आली. अंगणात जाळी वाळत होती आणि उमाजीची बायको गोकुळा सुपात झिंगे निवडत होती.

"उमाजीभाऊ, एक विचारायचं होतं. राग नका मानू. त्या आईला तुम्ही काय सांगितलं?"

उमाजीला प्रश्नाचं नवल वाटलं. "काई नाई बाई. पोरगा सापडला, चेहरा जसाच्या तसा हाय, म्हनलं. मायले तेवढंच पाह्यजे असते."

"हे कोणी शिकवलं?"

"बापानं. पानी मानसाले कुठी नेते, कुठी ठेवते, समदं त्यानंच शिकवलं. त्यानं तं परदेशातबी एक काढला होता. इटलीत. इमानवाला होता, आभाळातून पडलेला."

"झालं सुरू," गोकुळा सुपातून नजर न काढता म्हणाली. "आता लाल शेपटी येईन."

फरहतने खाटेवर नीट बैठक मारली. "कसली लाल शेपटी?"

मग उमाजीने बापाची, पोचूची, गोष्ट सांगितली. पोचू तरणा असताना चांद्याला भरती झाला आणि दुसऱ्या मोठ्या लढाईत खच्चरांच्या पलटणीबरोबर इटलीला गेला. कडाक्याची थंडी. खच्चरांवर दारूगोळा लादायचा आणि चिखलातून पुढच्या मोर्चावर न्यायचा. तिथे एक नदी होती. पोचू तिला सेनी म्हणायचा. एका सकाळी धुक्यातून एक विमान धूर सोडत आलं आणि नदीत पडलं. तुकडे वाहत गेले, पण शेपूट काठाला अडकलं. लालभडक. माणूस मात्र दिसेना. दुपारी पोचू एकटाच पाण्यात उतरला.

"त्याले कोनी सांगतलं नव्हतं," उमाजी म्हणाला. "पन ढिवराच्या पोराले मानूस पान्यात हाय हे समजल्यावर बाहेर उभं राहवते काय? वळनाच्या खाली, झाडाच्या मुळ्याईत सापडला. काळा होता. आपल्याहून काळा. डोक्यावर बारीक कुरळे केस. बापानं त्याले वरच्या काठावर पुरला, गोटे रचले. साहेबाले सांगतलं. साहेबानं मान हलवली. त्याच राती पलटन पुढं निघाली, अन् दुसऱ्या दिवशी साहेब गोळ्यानं गेला."

"आणि गावात?"

"गावात हासले. गोऱ्याईच्या फौजेत काळा मानूस इमान उडवते काय म्हनत. इमान्या पोचू नाव पडलं. मरेवर तेच."

फरहत हसली नाही. पण तिने हो असंही म्हटलं नाही. ती म्हणाली, "मला माहीत नाही हो. शोधून सांगते."

ती खरंच आली, महिना उलटायच्या आत, आणि अंगणात पाय ठेवताच बोलू लागली. अमेरिकेच्या फौजेत तेव्हा काळ्यांची तुकडी वेगळी असायची, जेवण वेगळं, राहणं वेगळं. त्यांना विमान चालवता येणारच नाही असं वरचे लोक म्हणत. तरीही काही तरुण वैमानिक झाले, इटलीतून लढले. त्यांनी आपल्या विमानांच्या शेपट्या लाल रंगवल्या होत्या. आणि सेनिओ नावाची नदी तिथे आहे.

"भाऊ, त्यांच्यातले कितीतरी जण अजून बेपत्ता आहेत."

गोकुळाचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. बापाचं खरं निघालं म्हणून त्याचा चेहरा खुलेल असं फरहतला वाटलं होतं. उमाजी मात्र जाळ्याची गाठ बोटांत धरून तसाच बसला.

"मंग त्याच्या घरच्याईले सांगतलंच नाई कोनी," तो अखेर म्हणाला. "ते अजून काठावरच हायेत म्हना."

*

पुढचं काम फरहतचं. अमेरिकेत हरवलेल्या सैनिकांचा शोध घेणारं एक खातं आहे; तिथे तिने कळवलं. उमाजीने अंगणातल्या मातीत बोटाने नदी काढून दाखवली, बाप वाळूत काढायचा तशी: नदी इकडून आली, इथे तुटलेला दगडी पूल, पुढे वळण, पलीकडे शेंडा उडालेला चर्चचा मनोरा. फरहतने फोटो काढून पाठवला. बरेच दिवस काहीच नाही. मग त्या खात्याने सांगितलं की त्या भागात पडलेल्या वैमानिकांपैकी तिघांचा पत्ता कधीच लागलेला नाही. एकाची मुलगी बोलायला तयार आहे.

"नोको बोलू तू," गोकुळा म्हणाली. रागाने नाही, काळजीने. "तिघाईतला तिचाच बाप असन कशावरून? म्हाताऱ्या बाईले आस लावशीन अन् मंग?"

उमाजीला ते पटलं. दोन दिवस तो बोलू की नको करत राहिला. शेवटी म्हणाला, "आस त तिची हायेच. मी लावो का न लावो."

फोन संध्याकाळी झाला. तिकडे सकाळ होती. फरहतने मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, गडद वर्णाची एक बाई दिसली, कानात मोत्याचे डूल. तिचं नाव लावर्न. ऐंशीच्या घरातली. बाप बेपत्ता झाला तेव्हा ती आईच्या पोटात होती. फरहत दोन्हीकडचं बोलणं सांगू लागली.

उमाजीने आधी हात जोडले. "बाई, तो तुमचाच होता असं मी म्हनत नाई. माह्या बापाले नाव माहीत नव्हतं."

"मला कळतंय ते," लावर्न म्हणाली. "तरी सांगा. आजवर मला कोणी काहीच सांगितलं नाही. फक्त बेपत्ता एवढाच शब्द."

तिने स्वतःचंही सांगितलं. त्यांची गल्ली ओस पडत गेली, घराचं छत गळायला लागलं, पण आई तिथून हलली नाही. नवऱ्याला हाच पत्ता माहीत आहे, म्हणायची. आणि लहानपणी लावर्न बस स्टँडवर वर्दीतला काळा माणूस दिसला की धावत पुढे जाऊन त्याच्या तोंडाकडे बघायची. बाप कसा दिसतो हे तिला फोटोतून पाठ होतं. कोणी हसायचे, कोणी खाऊ द्यायचे. एकजण तिथेच बाकावर बसून रडला होता.

मग तिने विचारायला सुरुवात केली. पाणी किती थंड होतं? झाड कसलं होतं? तुमच्या वडिलांना भीती नाही वाटली? एखाद्या लहान मुलीने विचारावं तसं ती एकामागून एक विचारत होती आणि उमाजी माहीत तेवढं सांगत होता, माहीत नाही तिथे नाही म्हणत होता.

"पाण्यात फार वेळ होता का तो?"

"सकाळी पडला, दुपारी काढला. चेहरा जसाच्या तसा होता, बाई. बाप म्हने, झोपेतून उठवा असं वाटे."

फरहतने ते इंग्रजीत सांगितलं. लावर्न पडद्यावरून बाजूला झाली. नुसती रिकामी खुर्ची आणि मागची खिडकी दिसत राहिली. कोणीच फोन बंद केला नाही. थोड्या वेळाने ती परत येऊन बसली.

"पुरताना तुमचे वडील काही म्हणाले का?"

उमाजी घुटमळला. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. गावात हसण्यावारी नेलेल्या गोष्टीत हे सांगायची वेळच आली नव्हती. "बापाले त्याचा धरम माहीत नव्हता. त्यानं ओंजळीनं पानी सोडलं अन् म्हनलं, तुह्या घरचे येतवर मी घरचा."

*

पावसाळा गेला. इटलीत त्या वळणावर खणायला माणसं गेली असं फरहतने सांगितलं. नदीने जागा बदलली होती, जुनं वळण आता फळबागेत होतं. त्यांना गोटे सापडले. गोट्यांखाली हाडं सापडली. मग तपासण्या सुरू झाल्या, तिन्ही घरच्यांच्या रक्ताशी जुळवून बघायच्या, आणि त्याला वेळ लागणार होता. उमाजी मासे धरत होता, बाजार करत होता. फरहत रस्त्यात दिसली की मानेनेच विचारायचा. ती मानेनेच नाही म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात लावर्नने स्वतःहून फोन केला. फरहत कॉलेजातून तशीच स्कूटी घेऊन आली. या वेळी बाईने डूल घातले नव्हते.

"तो माझा नव्हता," ती म्हणाली.

फरहतने सांगायच्या आधीच उमाजीला चेहऱ्यावरून कळलं. त्याची मान खाली गेली. गोकुळा चुलीजवळून उठून आली आणि त्याच्या मागे उभी राहिली.

"माफ करजा बाई," तो म्हणाला. "म्या फुकट तुमाले..."

लावर्नने त्याला पुरतं बोलू दिलं नाही. ती म्हणाली, "तो दुसऱ्या एकाचा निघाला. त्याचा धाकटा भाऊ जिवंत आहे. नव्वदीच्या पुढचा. भावाने त्याला सायकल शिकवली होती, एवढंच त्याला आठवतं. मी फोन केला त्याला. चेहरा शाबूत होता, तुमच्या वडिलांनी पाणी सोडलं, सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगायला लावलं त्याने. परत कधी सांगू, असं विचारलं तर म्हणाला, आत्ताच परत सांग." तिला हसू आलं आणि ते मध्येच मोडलं. "दफनाला मी जाणार आहे. त्याच्या भावाला ओळखणारं आता त्याच्याशिवाय कोणी उरलेलं नाही."

"अन् तुमचा?" उमाजीने विचारलं.

"माझा अजून पाण्यात आहे कुठेतरी. नाहीतर डोंगरात. ते लोक बघताहेत." ती पडद्याजवळ सरकली. "तुमच्या वडिलांसारखं कोणीतरी तिथेही गेलं असेल, असं आता मला वाटतं. आधी वाटत नव्हतं."

फोन बंद झाला. मग गोकुळाने फरहतपुढे चहा ठेवला. "एकजन तरी घरी गेला," ती म्हणाली, आणि इमान्या म्हणून ज्याला इतकी वर्षं हसत आली त्या सासऱ्याचं नाव तिने पहिल्यांदा नीट घेतलं, "पोचूमामाजीच्या हातानं."

दफनाचे फोटो आले तेव्हा उमाजी डोंग्याला डांबर लावत होता. हात पुसून त्याने फरहतचा मोबाइल घेतला. हिरवं मैदान, पांढऱ्या दगडांच्या रांगा, झेंडा पांघरलेली पेटी, पांढऱ्या हातमोज्यांतले शिपाई. तिकडे पाऊस पडत होता. चाकाच्या खुर्चीत एक फार म्हातारा माणूस बसला होता, पेटीकडे टक लावून.

"बाई कुठी हाय यात?"

फरहतने बोटाने फोटो मोठा करून दिला. लावर्न खुर्चीच्या मागे उभी होती. काळा कोट भिजून अंगाला चिकटलेला, पांढऱ्या केसांतून पाणी ओघळत होतं. दोन्ही हातांनी धरलेली छत्री तिने पूर्ण पुढे, त्या म्हाताऱ्यावर धरली होती.