घरजावई दुसऱ्याच प्रजातीचा

मगरींच्या विभागात त्यांची देखभाल करणाऱ्या मामांचं रक्ताचं कुणीच नव्हतं, तरी प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मामांनीही मग नावं ठेवायचा सपाटा लावला. लांब, सडपातळ तोंडाची आफ्रिकी मगर झाली ताईसाहेब, आणि दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून आणून तिच्या तळ्यात सोडलेला नर झाला घरजावई. त्याच्याआधी आलेल्या दोन नरांना ताईसाहेबांनी असं झोडपलं होतं की ते जीव मुठीत धरून काठावर बसत. याच्याशी मात्र तिचं सूत जुळलं. यंदा तिनं पालापाचोळा ओढून ढीग रचला, आत अंडी घातली आणि मामांना आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरबाई दोघांच्या रक्ततपासणीचा निकाल घेऊन आल्या. बाई तशा हसऱ्या, पण आज तोंड उतरलं होतं.

"मामा, ही दोघं एका प्रजातीची नाहीत."

"थट्टा करता का बाई? तोंडं बघा की, सारखीच आहेत."

"दिसतात सारखी. आपणही इतकी वर्षं एकच समजत होतो, पुस्तकंही तेच सांगत होती. पण रक्त म्हणतंय, एक आफ्रिकेच्या पश्चिमेकडची आणि एक मधल्या भागातली. लाखो वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्यात. घरजावई मधल्या भागातला. ताईसाहेब पश्चिमेकडची, आणि तसल्या जगात फार थोड्या उरल्यात."

"मग बरंच झालं की. वाढतील."

"तेच तर नाही. ही पिल्लं ना इकडची, ना तिकडची. मिश्र पिल्लं पुढे मिसळली तर तिची मूळ प्रजातीच बुडेल. प्रजननाचं बघणाऱ्या समितीनं कळवलंय, अंड्यांतून पिल्लं निघू द्यायची नाहीत."

मामांनी ढिगाकडे बघत भलतंच विचारलं, "मग हिचं नातं आहे तरी कुणाशी?"

बाईंनाही बहुधा तेवढंच हवं होतं. त्या कट्ट्यावर बसून सांगू लागल्या. मगर दिसते पालीसारखी, पण पालीपेक्षा तिला पक्षी जवळचे. खोटी सुसर म्हणून एक प्राणी आहे. हाडं बघणाऱ्यांनी तिला मगरींच्या कुळात बसवलं, रक्त बघणाऱ्यांनी उचलून खऱ्या सुसरीशेजारी नेलं, आणि दोघांची भांडणं अजून चालू आहेत. ऐकता ऐकता मामांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"म्हणजे कोंबडी हिची नातलग? रोज मी हिला कोंबडीच घालतो. आणि ज्याच्याशी संसार मांडला, तो परका?"

"परका नाही हो, चुलत. कोंबडी फारच लांबची." बाईंनी कपाळ चोळलं. "खरं सांगू? माझाही गोंधळ उडालाय. उद्या कुणी म्हणेल, दोन्ही प्रजाती एकच होत्या."

"मग उद्यापर्यंत थांबू या."

"अंडी थांबत नाहीत, मामा."

दुपारी मामांनी घरजावयाला आणि ताईसाहेबांना मांसाचं आमिष दाखवून पलीकडच्या भागात घेतलं आणि मधलं फाटक लावलं. मामा गुडघ्यांवर बसून ढीग उकरू लागले. ओला, गरम वास आला. एकेक अंडं हाती लागलं की ते न फिरवता, पेन्सिलीनं त्याच्या वरच्या बाजूला खूण करत आणि तसंच अलगद वाळूच्या ट्रेमध्ये ठेवत. अंडं उलटं झालं तर आतला जीव गुदमरतो, म्हणून ही खूण. आयुष्यभर त्यांनी असंच केलं होतं.

बाई हळूच म्हणाल्या, "मामा, खुणा कशाला करताय? ही गोठवायला शीतपेटीत जायचीत."

मामांचा हात थांबला. त्यांनी पेन्सिल खिशात टाकली. पुढचं अंडं उचललं, आडवंतिडवं ठेवायला गेले आणि जमेना. शेवटी पेन्सिल पुन्हा बाहेर निघाली. बाईंनी तोंड फिरवलं. शेवटच्या अंड्यापर्यंत खुणा झाल्या, ट्रे जराही न हलवता मामांनी स्वतः शीतपेटीपर्यंत नेला आणि झाकण लावलं. मग परत येऊन पाला होता तसा रचून ठेवला.

फाटक उघडल्यावर ताईसाहेब तडक ढिगाशी आल्या आणि त्यावर हनुवटी टेकून पडल्या. एरवी उन्हाच्या दिवसांत मामा अंड्यांच्या ढिगांवर पाणी शिंपडत, आत ओल राहावी म्हणून. आता त्याची काही गरज नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते बादली घेऊन गेलेच, कारण न गेलं तर तिला काय वाटेल, हेच त्यांना कळेना.

ती फुत्कारत अंगावर धावून आली. जबडा बादलीवर आपटला आणि पाणी सांडलं. मामा धडपडत मागे सरले, फाटकाबाहेर आले. बाई धावत आल्या आणि लागलं का म्हणून विचारू लागल्या.

"नाही लागलं," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "काल यायला हवं होतं तिनं असं. काल मीच तिला फाटकाआड घेतलं."

आत ताईसाहेब वळल्या आणि रिकाम्या ढिगावर पुन्हा राखण करत बसल्या.