पहिल्या बोलण्यात हो

भागवतला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण मुकादमाशी बोलावं तर त्यानंच, याबद्दल पाथर्डी तालुक्यातल्या त्या उघड्याबोडक्या वस्तीवर कुणाचं दुमत नव्हतं. पोळा झाला की गोरक्षनाथ मुकादम ऊसतोडीसाठी जोड्या जमवायला यायचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. "येनार ना रं यंदा?" असं त्यानं विचारलं की बाकीचे चटकन मान डोलावून मोकळे व्हायचे. भागवत तसला नव्हता. तो निवांत तंबाखू मळत म्हणायचा, "बघू. दुसऱ्या दोन टोळ्यांचं बी बोलावनं हाय." टोळ्या कुठल्या नि काय! एकसुद्धा नसायची. मुकादम शिव्या घालत निघून जायचा, चार दिवसांनी परत यायचा, भागवत पुन्हा "बघू" म्हणायचा, आणि तिसऱ्या खेपेला चांगल्या बोलीवर सौदा जमायचा. गरज दिसू द्यायची नाही, एवढी एकच विद्या त्याच्यापाशी होती. तिच्यावर वीस वर्षं त्याचं घर चाललं होतं.

त्याची पोरगी धनश्री मात्र खऱ्या विद्येच्या मागे लागलेली. आईबाप उसाच्या फडात असले की ती गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायची आणि बारावीत तालुक्याला पहिली आली होती. कॉलेजातल्या दमयंती मॅडमनी तिला एका विद्यापीठाचा फॉर्म भरायला लावला. रेल्वेनं दीड दिवसाच्या वाटेवरचं विद्यापीठ. देशभरातून अठरा हजार पोरं अर्ज करतात, घेतात फक्त दोनशे. ज्यांना घेतात त्यांच्यातल्या गरिबांचं राहणं, जेवणं, शिकणं सगळं तेच बघतात. धनश्रीनं परीक्षा दिली, कॉलेजच्या लायब्ररीत बसून मोबाईलवर मुलाखत दिली. जूनमध्ये निकाल आला. वेटिंग लिस्ट, क्रमांक तीन.

"म्हंजी व्हय म्हनले का न्हाई म्हनले?" भागवतनं विचारलं.

"दोन्ही न्हाई, आप्पा. घेतलेल्यांतल्या तिघांनी सीट सोडली तर माझा नंबर लागल."

"येवढं मिळालेलं कोन सोडतंय?"

सविता, धनश्रीची आई, दुसऱ्याच दिवशी मोहटादेवीला जाऊन आली. पण देवीसमोर उभी राहिल्यावर तिची पंचाईत झाली. दुसऱ्याच्या लेकरांची सीट जाऊ दे, असं मागायचं कसं? बरीच घुटमळली आणि शेवटी म्हणाली, "आई, त्या तीन लेकरांना ह्याच्यापेक्षा बी चांगलं मिळू दे." घरी येऊन हे तिनं सांगितलं तेव्हा धनश्री पोट धरून हसली. त्या उन्हाळ्यातलं तिचं ते शेवटचं हसणं.

त्यानंतर घरात सगळे कसे दबक्या पावलांनी वावरू लागले. धनश्रीनं पेटीतली निळी चादर धुऊन, घडी घालून वेगळी ठेवली. कधी तिकडं जायचं झालंच तर. मोबाईलवर ती त्या दूरच्या गावचं हवामान बघायची. "आज तिकडं पाऊस हाय," असं भाकरी थापता थापता आईला सांगायची. मग एक मेल आला. दोघांनी सीटा सोडल्या होत्या. आता तिच्यापुढे कुणीच नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाथर्डीला गेली. नंबर लागलाच तर दाखला हाताशी हवा. तिचा फोन वाटेत कुठेतरी रेंजबाहेर होता, म्हणून विद्यापीठवाल्यांनी फॉर्मवरचा दुसरा नंबर लावला. तो बापाचा. भागवत बांधालगतची बाजरी निंदत बसला होता.

पलीकडे एक बाई हिंदीत बोलत होत्या. आवाज गोड, बोलणं आदबीचं. एक जागा रिकामी झाली आहे, म्हणाल्या. "सीट दी तो धनश्री पक्का आएगी ना? या और कहीं एडमिशन का सोचा है?"

भागवतच्या ओठांवर "हाँ" आलं होतं. खुरपं हातातून खाली पडलं ते त्याला कळलंही नाही. पण वीस वर्षांची सवय तोंडाशी येऊन उभी राहिली. पहिल्या बोलण्यात हो म्हणणारा माणूस म्हणजे भुकेलेला माणूस, आणि भुकेलेल्याला कुणी धड वागवत नाही. पोरीला तिकडं चार वर्षं काढायचीत. त्यांना कळू दे की ही काही वाऱ्यावरची पोरगी नाही. त्यानं घसा खाकरला.

"देखेंगे," तो म्हणाला. "और दो जगह से बुलावा है. घर में विचार करते हैं."

"अच्छा, अच्छा," बाई म्हणाल्या. "बहुत अच्छी बात है. शुभकामनाएँ." आणि फोन ठेवला.

शुभेच्छा दिल्या म्हणजे बोलणं बरं झालं, असं भागवतला वाटलं. त्या दिवशी तो बांधावर एकटाच हसला. घरी मात्र काही बोलला नाही, कारण अर्धा झालेला सौदा बायकापोरांत बोलायचा नसतो, हाही त्याचाच नियम. दुसरा फोन आला की हो म्हणायचं, तिसऱ्याची वाट बघायची नाही, एवढी सूट त्यानं पोरीखातर मनातल्या मनात देऊन टाकली होती. तो फोन दिवसातून दोनदा चार्ज करू लागला. परसाकडं जाताना नेऊ लागला. सविता म्हणाली, "आवं, कुनाचा फोन यायचाय येवढा?" तो नुसता मिशीत हसला.

सहाव्या दिवशी मेल आला. धनश्री ओट्यावर बसून वाचत होती. वाचून झाला, तिनं पुन्हा वरपासून वाचला. भागवत समोरच बसला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमाला त्यांचा फोन आल्ता?"

"आल्ता की!" आता सांगायला हरकत नव्हती. त्यानं सगळं सांगितलं, बाईंच्या आवाजासकट, आपल्या "देखेंगे"सकट. सांगताना त्याला मोठी मौज वाटत होती. पोरीचा चेहरा त्यानं शेवटी पाहिला.

"त्यांनी लिवलंय," ती सावकाश म्हणाली, "तुमच्या पालकांनी सांगितलं की तुमच्याकडं आनखी दोन ठिकानं हायेत. म्हनून सीट पुढच्या मुलीला दिली. निवडलेल्या ठिकानी तुमचं भलं हुवो."

"पन... पुन्हा विचारलं न्हाई की त्यांनी!"

"पुन्हा न्हाई विचारत, आप्पा. तिथं एकदाच विचारत्यात."

भागवतनं तिथल्या तिथं तो नंबर लावला. इंग्रजीत कुणीतरी रेकॉर्ड केलेलं बोललं आणि फोन तुटला. त्यानं अकरा वेळा लावला. दमयंती मॅडमनी पत्र लिहिलं, खरं काय घडलं ते सगळं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. फार वाईट वाटलं म्हणे, पण सगळ्या जागा भरल्या, यादी बंद झाली.

धनश्री रागावली असती तर बरं झालं असतं. आदळआपट केली असती, बापाला दोन शब्द सुनावले असते, तर त्यानं मान खाली घालून ऐकून घेतले असते. तिनं तसं काहीच केलं नाही. त्याला वेळेवर जेवायला वाढलं, चटणी हवी का विचारलं. आपण आपल्या हातानं पोरीचं वाटोळं केलं, आणि तेही शहाणपणा करताना, ही गोष्ट त्याला दिवसभर टोचत राहायची. कुणाला सांगावी तर सांगण्यासारखीही नव्हती. शेजारचा सुनील म्हणाला, "आवंदा मुकादमाशी माझं बी तुमीच बोला." भागवत त्याच्यावर उगीचच खेकसला.

पाथर्डीच्या कॉलेजात, अर्ज उशिरा गेल्यानं, शेवटच्या यादीत तिचं नाव लागलं. रोज नाही आलं तरी चालतं, परीक्षेपुरतं या, असं तिथल्या क्लार्कनं आपण होऊन सांगितलं.

पोळ्यानंतर गोरक्षनाथ मुकादम आला. सवितानं बाजेवर टाकायला हाताला लागेल ते घेतलं. ती निळी चादर होती. मुकादम तिच्यावर ऐसपैस बसला आणि लांबलचक घासाघिशीची तयारी करूनच म्हणाला, "काय भागवतराव, येनार ना यंदा?"

"व्हय," भागवत म्हणाला.

मुकादम बघतच राहिला. "आं? दुसऱ्या टोळ्यांचं बोलावनं न्हाई का आवंदा?"

"न्हाई. कुनाचंच न्हाई."

धनश्री पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मुकादमानं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, तिच्याकडे पाहिलं. "पोरगी बी हाताशी आली की रं. हिचा अर्धा कोयता धरू का?"

भागवतनं तोंड उघडलं. आत्ता "बघू" म्हणायचं होतं. दुसरीकडून बोलावणं आहे म्हणायचं होतं. शिकतीय ती, म्हणायचं होतं. जन्मभर ज्या शब्दांनी त्याला साथ दिली त्यांतला एकही जिभेवर येईना.

"धरा," धनश्री म्हणाली, आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.