चाळिसाव्या मिनिटाला

सलग तिसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं होतात न होतात तोच हनुमंततात्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. तात्यांनी "विठ्ठल विठ्ठल" म्हटलं खरं, पण डोळ्यांपुढं उभा राहिला तो भोरचा कॉम्प्युटरवाला खालिद.

तात्यांनी हायवेवरच्या गॅरेजात तीस वर्षं ट्रकची इंजिनं खोलली होती. गिऱ्हाईक चहाला गेलं की नवा पंप निघून जुना कसा बसतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. खालिदनं चांगला प्रोसेसर काढून भंगारातला बसवला असणार. सालस चेहरा, गोड बोलणं. असलेच हात मारतात.

पालीचे कीर्तनकार कोंडिबामहाराज जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं एकच कीर्तन जुन्या कॅसेटवर उरलं होतं. तात्यांनी ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. त्यातली खरखर काढून गुरुवारी, वर्षश्राद्धाला, ते फुलाबाईंना ऐकवायचं होतं. महाराजांच्या या कारभारणीला आता दिसत नव्हतं, कानांवरच दिवस चालला होता. खरखर काढायला साडेतीन तास लागायचे आणि तात्यांच्या गावी, वरव्यात, वीज तीन तासांनी जायची. म्हणून आठ दिवसांपूर्वी खालिदकडून प्रोसेसरचा वेग वाढवून घेतला होता. कंपनीनं नेमून दिलाय त्याच्याहून जास्त पळवायचा.

आता मंगळवार उजाडला होता. तात्यांनी कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन एसटी गाठली, दुकानात खालिदच्या समोरच बूड टेकलं आणि चहा नको म्हणून सांगितलं.

खालिदनं वायरी जोडल्या. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसू लागलं. ऐंशी, नव्वद, अठ्ठ्याण्णव. शंभराला टेकलं की जळू नये म्हणून मशीन आपणच बंद होतं, असं त्यानं समजावलं.

"इंजिन तापलं म्हणायचं," तात्या म्हणाले. "माझं न्हाई तापायचं. तू बसवलंयस ते तापतंय."

खालिदनं पडद्यावरून प्रोसेसरचा नंबर कागदावर उतरवला आणि तात्यांच्या कॉम्प्युटर खरेदीच्या जुन्या पावतीशेजारी ठेवला. दोन्ही नंबर एकच होते. तात्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचले. तरी मन मानेना. नंबर काय, गॅरेजात आम्हीसुद्धा ठोकायचो.

मग खालिदनं पंख्याखालचा थंडाव्याचा ठोकळा सोडवला. त्याच्या पातळ पत्र्यांमध्ये काळीकुट्ट बारीक पूड गच्च बसली होती. वाऱ्याला वाटच नव्हती.

"तात्या, हे काय?" आता संशयाची पाळी खालिदची होती. "धूळ अशी नसते. घरात कुणी वैरी आहे का?"

तात्यांनी चिमूट नाकाशी नेली आणि वासावरून ओळखलं. तो बुक्का होता. कॅसेट घरी आल्यापासून दोन महिने, फाईल सुरू करण्याआधी ते रोज डब्याच्या जाळीवर बुक्का लावत होते. कीर्तनकार उभा राहिला की त्याच्या कपाळी लावतात, तसा. महाराज आत आहेत, मग कपाळ कोरडं कसं ठेवायचं? आतला पंखा तो सगळा ओढून घेत होता.

हे गिळून टाकता आलं असतं. तात्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, खालिदबद्दल मनात काय काय आलं तेसुद्धा.

"माझंही चुकलं," खालिद म्हणाला. "वेग वाढवला तेव्हाच उघडून बघायला हवं होतं. दहा मिनिटं चालवून दिला मी. तासभर तरी ताणून बघायचा असतो."

त्यानं वाऱ्याचा झोत मारून ठोकळा साफ केला, प्रोसेसरवर उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली, वेग एक पायरी उतरवला आणि खरखर काढायचं काम तिथंच सुरू केलं. तात्या आकड्याकडं असे बघत बसले, जणू नजर हलली तर तो चढेल. एकाहत्तर. पंच्याहत्तर. चाळिसावं मिनिट आलं तेव्हा दोघांनीही श्वास धरला होता. आकडा अठ्ठ्याहत्तरवर थांबला तो तिथंच राहिला. मधे दोनदा चहा झाला. तात्यांनी तो मागून घेतला.

दुपार कलता कलता काम पुरं झालं. तात्यांना गुरुवारपर्यंत दम निघेना. त्यांनी पालीला फुलाबाईंना फोन लावून स्पीकरसमोर धरला. महाराजांचा आवाज लख्ख होता, टाळन् टाळ वेगळा ऐकू येत होता.

"काकू, ऐकताय न्हवं?"

"ऐकतीया. कोण हाय ह्यो?"

"महाराज हायती, काकू."

"आवाज तसाच काढलाय. पर ह्ये न्हवं त्ये." म्हातारीचा सूर कडक झाला. "अभंगाचं दुसरं चरण आलं की त्यास्नी खोकला यायचा. चाळीस वर्षं आयकलाय म्या. त्यो कुटं गेला?"

तात्यांनी खालिदकडं पाहिलं. खरखरीबरोबर तोही पुसला गेला होता.

खालिदनं खुर्ची ओढली आणि मूळ फाईल पुन्हा उघडली. "काकूंना विचारा," तो हळूच म्हणाला, "आणखी काय काय ठेवायचं."