इन्शिराहचा न निघालेला काप

सूक्ष्मदर्शकाला सगळे ओळखतात. त्याचे चित्र शाळेच्या पुस्तकात असते, कपाटात त्याला मखमलीचे घर असते, आणि मोठे डॉक्टर फोटो काढून घेताना त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. पण मित्रांनो, त्याच्या डोळ्याखाली जो काप सरकवतात तो कोण काढतो, हे कुणी विचारत नाही. तो मी काढतो. मी एक जुना मायक्रोटोम आहे. नाव अवघड, काम सोपे. माणसाच्या शरीरातला शेंगदाण्याएवढा तुकडा मेणाच्या वडीत बसवून माझ्यात अडकवतात, माझे चाक फिरवतात, आणि मी त्याचे काप काढतो. तुमच्या एका केसाच्या जाडीत माझे पंधरा काप मावतील. ते काचेवर घेऊन रंगवले की सूक्ष्मदर्शकसाहेब वरून बघतात आणि शाबासकी घेतात.

माझा जन्म एका थंड देशातला. तिथून बोटीने मी अलेक्झांड्रियाला आलो आणि बंदरातच आठ महिने पडून राहिलो, कारण मी औषधोपचाराचे यंत्र आहे की मांस कापायचे, हे जकातीच्या कारकुनाला ठरवता येईना. शेवटी त्याने दोन्ही लिहिले. मग मी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका सरकारी इस्पितळात पोहोचलो. तळघर, एक खिडकी, आणि माझ्या चाकावर उस्ताद मितवल्ली यांचा हात.

तिथेच डॉ. वगीहा आल्या. त्या पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे तुकडा बघून रोग सांगणाऱ्या डॉक्टर. नोकरीच्या पहिल्याच दिवशी विभागप्रमुख त्यांना म्हणाले, "बाई आहात, बायकांचे रोग बघा. मूत्राशय हा पुरुषांचा प्रांत."

"का? बायकांना देवानं ते दिलंच नाही की काय?" बाई म्हणाल्या. त्यांना तळघरात का पाठवले, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

आमच्या भागात कालव्याच्या पाण्यात गोगलगायी असतात आणि त्यांच्यात एक किडा असतो. भात लावताना, भांडी घासताना तो पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि वर्षानुवर्षे मूत्राशय पोखरतो. पोराला लाल लघवी झाली की जुनी माणसे म्हणत, वयात आला. बाईला झाली की म्हणत, बायकांचे काहीतरी. मग ती बाई इस्पितळात आली की गर्भाशयाचे डॉक्टर म्हणत, हे मूत्राशयाचे आहे, पलीकडे जा. मूत्राशयाचे डॉक्टर म्हणत, हे गर्भाशयाचे आहे, अलीकडे जा. दोन्ही दारे एकाच बोळात होती, मध्ये बेचाळीस पावले. डॉ. वगीहांनी पावले मोजलीच, शिवाय महिनेही मोजले. ती बेचाळीस पावले चालायला आमच्या भागातल्या बाईला सरासरी सात महिने लागत. सात महिन्यांत बरा होण्याजोगा रोग न बरा होण्याजोगा होई.

हेच त्यांचे संशोधन. अठ्ठावीस वर्षे मी काप काढले आणि त्यांनी ते वाचले. समुद्रकाठच्या एका हॉटेलात त्यांचा सत्कार झाला, लाकडी मानचिन्ह मिळाले. ते आमच्या खिडकीला अगदी मापात बसले. वारा आला तरी खिडकी आपटत नसे. बोळातली दारे मात्र जिथल्या तिथे होती.

आणि मग एके दिवशी उस्ताद मितवल्ली माझे चाक फिरवता फिरवता म्हणाले, "डॉक्टरबाई, आमच्या मंडळींना जरा त्रास होतोय."

आमच्याकडे बायकोचे नाव चारचौघांत घेत नाहीत. पण डॉ. वगीहांना नाव ठाऊक होते. इन्शिराहबाई दर गुरुवारी त्यांच्यासाठी तुपाची पदराची पोळी पाठवत.

"काय होतंय इन्शिराहला?"

"लाल जातंय."

"केव्हापासून?"

"ईदच्या आधीपासून."

"कुठल्या? धाकट्या की थोरल्या?"

मितवल्लींनी चाक थांबवले. मग म्हणाले, "मागच्या वर्षीच्या."

डॉ. वगीहांनी हातातली काच खाली ठेवली. "मितवल्ली, अरे अठ्ठावीस वर्षं तू हेच कापतोयस!"

"म्हणूनच तोंडातून शब्द निघाला नाही, बाई."

आमच्याकडे त्या रोगाचे नाव घेत नाहीत. 'तो वाईट रोग' म्हणतात, तेही मान वळवून. मी यंत्र आहे, मला कुणी शपथा घालत नाही, म्हणून सांगतो : कॅन्सर. मितवल्लींनी मात्र डॉ. वगीहांना तिथल्या तिथे शपथ घातली. "काय करायचं ते करा, पण तिच्यापुढे नाव काढू नका. तुमच्या आईच्या कबरीची शपथ. ऐकलं की हाय खाईल ती."

"बरं," डॉ. वगीहा म्हणाल्या. आजवर ज्याने ज्याने अशी शपथ घातली, त्याला त्या 'बरं'च म्हणाल्या होत्या.

आमच्या इस्पितळाची मूत्राशयात बघायची नळी बिघडलेली होती, म्हणून इन्शिराहबाईंना मोठ्या शहरात न्यायचे ठरले. सोबत भाऊ गेले, हाजी गाबर. मितवल्ली गेले नाहीत. त्या आठवड्यात त्रेचाळीस वड्या कापायच्या होत्या, आणि चाकाला दुसरा हात नव्हता. इन्शिराहबाईंना सांगितले, आत गळू आहे, काढून टाकू. तुकडा घेतला, बाटलीत घातला, बाटली हाजींच्या हातात दिली. तशीच पद्धत आहे. तुकडा नातेवाइकांनीच प्रयोगशाळेत पोहोचवायचा.

मित्रांनो, त्या बाटलीत फॉर्मालिन असते. त्याने तुकडा सडत नाही, पण वास असा की डोळ्यांना धारा लागतात. ऑगस्टचा गुरुवार होता. शुक्रवारी प्रयोगशाळा बंद. शनिवारी सकाळी हाजी गाबर बाटली घेऊन हजर झाले. डॉ. वगीहांनी झाकण उघडले आणि त्यांच्या डोळ्यांना काहीच झाले नाही.

"हाजी, हे पाणी कसलं?"

"झमझमचं." हाजींची छाती दोन बोटे फुगली. "स्वतः मक्केहून आणलेलं. शेवटच्या घोटासाठी जपून ठेवलं होतं, बाई. म्हटलं, बहिणीपेक्षा माझा घोट मोठा का? तुमचं ते पाणी काय पाणी आहे? अख्खी गाडी रडायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, हाजी, मयत नेतोयस की कांदे? दिलं ओतून रस्त्याच्या कडेला."

मितवल्लींनी तुकडा घेतला, रीतसर सगळे सोपस्कार केले, मेणात बसवला, सोमवारी माझ्यात अडकवला आणि चाक फिरवले.

चांगल्या वडीची माझ्या पात्यावरून रेशमी फीत निघते. हिचा भुगा निघाला. मी पाते बदलून घेतले, मितवल्लींनी वडी बर्फावर ठेवून पाहिली, हात हलका केला, श्वास धरला. भुगा. दोन दिवसांच्या उकाड्यात त्या पवित्र पाण्यात तुकडा सडून गेला होता. जे थोडे काचेवर चढले, त्यात सूक्ष्मदर्शकाला धुक्याशिवाय काही दिसले नाही.

कागदावर रोगाचे नाव आल्याशिवाय सर्जन मूत्राशय काढत नाही. तुकडा पुन्हा घ्यायला हवा होता. डॉ. वगीहांच्या जिभेला इस्पितळ भ्यायचे, पण हाजींना त्या एवढेच म्हणाल्या, "तुमचं पाणी चांगलंच होतं, हाजी. तुकडा लहान निघाला."

त्या गुरुवारी इन्शिराहबाई पोळी घेऊन स्वतःच आल्या. जिना उतरल्या म्हणून धापा टाकत माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली. ती पुसायचे कुणाला सुचलेले मला आठवत नाही.

"इन्शिराह, परत एकदा तपासायला हवं," डॉ. वगीहा म्हणाल्या.

"परत? का बाई? गळू काढलं ना?"

"खात्री करायची."

"अगं बाई! पाय वर टांगून, अनोळखी पुरुषांपुढे! एकदा झालं तेवढं पुरे. आणि खात्री कसली? गळवाची? मुलीचं लग्न तोंडावर आलंय, गाद्या भरायच्यात, पाहुणे यायचेत. लग्न झालं की बघू तुमचं गळू."

डॉ. वगीहांनी मितवल्लींकडे पाहिले. मितवल्लींनी इन्शिराहच्या पाठीमागून मान हलवली. नाही.

"घाई केलेली बरी," डॉ. वगीहा म्हणाल्या.

"घाईचं काही असतं तर तुम्ही सांगितलं नसतं का मला?" इन्शिराहबाई हसल्या. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही. खा पोळी, गरम आहे."

डॉ. वगीहांनी पोळी खाल्ली.

लग्न चार महिन्यांनी झाले. दुसरा तुकडा त्यानंतर आला, फॉर्मालिनमध्ये बुडवून, झाकणाला तीन पट्ट्या लावून. मितवल्लींनी तो स्वतःच कापला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, इतकी सुंदर फीत माझ्या पात्यावरून आयुष्यात कधी निघाली नव्हती. अखंड, एकसारखी, कुठे सुरकुती नाही. डॉ. वगीहांनी काच बघितली आणि बराच वेळ डोळा वर उचलला नाही. रोग मूत्राशय ओलांडून गर्भाशयात पोहोचला होता. दोन्ही दारांचा झाला होता. आता एकाही दारात उपाय नव्हता.

इन्शिराहबाई शेवटच्या आल्या तेव्हा त्यांना जिना उतरता येत नव्हता. हाजी गाबरांनी उचलून आणले आणि त्याच स्टुलावर बसवले.

"माझ्या भावाच्या घरात रात्रंदिवस कुराण चाललंय," त्या म्हणाल्या. "माझा नवरा माझ्याशी गोड बोलतोय. तीस वर्षांत बोलला नव्हता. मी म्हातारी आहे बाई, खुळी नाही. तोच ना तो?"

डॉ. वगीहा म्हणाल्या, "तोच."

"तेव्हाही तोच होता? पोळी आणली तेव्हा?"

"नक्की नव्हतं. पण वाटत होतं."

"मग सांगायचं नाही? मला वाटलं गळू आहे. गळवासाठी कोण पाय टांगतं? याचं नाव घेतलं असतंत तर पाय काय, स्वतःला उलटं टांगून घेतलं असतं मी. पोरीचं लग्न काय, महिनाभर पुढं गेलं असतं." मग मितवल्लींकडे बघून म्हणाल्या, "मी हाय खाईन म्हणून? अरे, चार लेकरं घरातच झाली मला. दोन पुरली. मी हाय खाईन?"

मितवल्ली माझे चाक धरून उभे होते. फिरवत नव्हते. नुसते धरून.

सतरा दिवसांनी इन्शिराहबाई गेल्या.

डॉ. वगीहांचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी पुरा झाला. अकराशे चार बायका, तक्ते, आलेख. त्यात इन्शिराहबाई नाहीत. पहिला तुकडा वाचता आला नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्या मोजणीतून वगळल्या गेल्या. उशीर कुठे कुठे होतो त्याचा एक तक्ता आहे. डॉ. वगीहांनी त्यात शेवटी एक रकाना आखला, 'न सांगितल्यामुळे', आणि तो रिकामाच छापला. त्याचे आकडे कुणी ठेवलेले नव्हते. त्यांनी स्वतःही नाही.

चाळिसाव्या दिवसाचा दुखवटा संपल्यावर मितवल्ली कामावर आले. त्याच आठवड्यात एक तरुण शेतकरी आईची बाटली घेऊन आला. नाकाला फडके बांधले होते. फॉर्मालिन शाबूत होते. बाटली ठेवून त्याने डॉ. वगीहांचा हात धरला. "बाई, पाया पडतो. काही निघालं तर आईला नाव कळू देऊ नका."

डॉ. वगीहांनी तोंड उघडले. या वेळी त्या 'बरं' म्हणणार नव्हत्या. मी त्यांना अठ्ठावीस वर्षे ओळखतो, शपथेवर सांगतो. पण त्यांच्या आधी माझ्या चाकावरून आवाज आला, मऊ, सवयीचा.

"काळजी करू नको, बाळा. इथं कुणी बोलत नाही."

आणि मग मितवल्लींना कळले, आपण काय बोललो ते. तरुण दुवा देत जिना चढून गेलासुद्धा. डॉ. वगीहा दारापर्यंत गेल्या, पहिल्या पायरीवर थांबल्या, आणि परत येऊन खुर्चीत बसल्या.

मला आता कोठीत ठेवले आहे. नवे यंत्र विजेवर चालते. मित्रांनो, अशा ठिकाणी आम्ही म्हाताऱ्या वस्तू सांगत असतो, की आम्हाला तेलपाणी करा, आमची आठवण ठेवा. माझे तसे काही म्हणणे नाही. लोखंड गंजते, गंजू द्या. पण तुमच्या घरात कुणाचे दुखत असेल, तर त्या माणसाला त्याच्या दुखण्याचे नाव सांगा. दुखणे त्याचे, नावही त्याचेच. घाबरेल, रडेल, मग उठेल आणि काय करायचे ते त्याचे तो ठरवेल.

तुम्ही सांगाल असे मला वाटत नाही. तरी सांगून ठेवतो.